ब्रिटिश लॉर्ड लोकांची वंशावळ कशी शोधायची: नवख्यांसाठी, वेलस्ली घराणं हाताशी धरून

शाळेत आपण तैनाती फौजेचा लॉर्ड वेलस्ली शिकलो, आणि २३ सप्टेंबर १८०३ ला असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला जनरल वेलस्लीही शिकलो, आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात ही दोन्ही माणसं एकच होऊन बसलीयेत. ते दोघे सख्खे भाऊ. थोरला रिचर्ड, १७९८ ते १८०५ गव्हर्नर जनरल, आणि असईला घोड्यावर होता तो धाकटा आर्थर, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. आणखी एक भाऊ हेन्री, तोही त्याच काळात अवधच्या भागात कारभार बघत होता. म्हणजे एकाच वेळी तीन वेलस्ली हिंदुस्थानात, आणि कागदांत कुठे वेलस्ली, कुठे मॉर्निंग्टन (हा रिचर्डचाच आधीचा किताब), कुठे नुसतं जनरल साहेब. मला या सगळ्याचा नाद लागला तो हा गुंता सोडवतानाच, आणि तो सुटला तेव्हा लक्षात आलं की ब्रिटनच्या कुठल्याही सरदार घराण्याची वंशावळ शोधायची तर पद्धत साधारण हीच आहे. म्हणून ती पायरीपायरीने लिहितोय, जे अगदी नव्याने सुरू करतायत त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. किताब वेगळा, आडनाव वेगळं, आणि रक्ताचं नातं वेगळं. आपल्याकडे शिंदे घराण्यातला माणूस शिंदेच असतो, तिकडे तसं नाही. डेव्हनशायरच्या ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश, बेडफर्डच्या ड्यूकचं रसेल, डलहौसीच्या अर्लचं रॅम्झी. वेलिंग्टन हे कुणाचं आडनाव नाहीच, सॉमरसेटमधलं एक गाव आहे ते, आणि १८०९ साली आर्थर स्पेनमध्ये लढाईवर असताना कुठला किताब घ्यायचा हे इकडे त्याचा भाऊ विल्यम याने ठरवलं, वेलस्लीशी जुळणारं गाव बघून. त्यामुळे असईला वेलिंग्टन लढला असं आपण म्हणतो ते बोलायला ठीक आहे पण १८०३ च्या कागदात तुम्ही वेलिंग्टन शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही.

तर पहिली पायरी, एक माणूस धरा. अख्खं घराणं धरायचं नाही. एक माणूस, ज्याचं मृत्यूचं साल आणि किताब दोन्ही नक्की माहीत आहेत असा, आणि त्याच्यापासून मागे जायचं, मुलाकडून बापाकडे, बापाकडून आजोबांकडे. नवखे लोक नेहमी उलटं करतात, विल्यम द कॉंकररच्या बरोबर १०६६ ला आलेला कुणीतरी मूळ पुरुष धरतात आणि खाली उतरायला लागतात, आणि मग मधल्या तीनशे वर्षांत नुसता अंदाज. आपल्याकडे कुलवृत्तांत छापताना जी चूक होते तीच.

आता त्या माणसाची एक शीट करा, एक्सेलमध्ये किंवा वहीत, पण करा. एका रकान्यात साल आणि समोर त्या साली लोक त्याला काय म्हणत होते ते. रिचर्डचंच बघा. जन्म १७६०. त्याच वर्षी बाप अर्ल ऑफ मॉर्निंग्टन झाला म्हणून हा लहानपणापासून व्हायकाउंट वेलस्ली, पण तो नुसता बोलवायचा किताब, बापाचा धाकटा किताब थोरल्या मुलाने मिरवायचा अशी तिकडची रीत. १७८१ ला बाप वारला, हा मॉर्निंग्टनचा दुसरा अर्ल. डिसेंबर १७९९ ला मार्क्विस वेलस्ली. म्हणजे १७९८ ला कलकत्त्याला उतरलेला लॉर्ड मॉर्निंग्टन आणि १८०२ च्या वसईच्या तहावेळचा लॉर्ड वेलस्ली एकच. आता आर्थरची शीट करा: अर्लचा धाकटा मुलगा म्हणून नुसता ऑनरेबल, मग १८०४ ला सर, १८०९ ला व्हायकाउंट वेलिंग्टन, १८१२ मध्ये आधी अर्ल आणि त्याच वर्षी मार्क्विस, १८१४ ला ड्यूक. या दोन शीट शेजारी ठेवल्या की १८०१ च्या पत्रातला लॉर्ड वेलस्ली आर्थर असूच शकत नाही हे एका नजरेत कळतं. मी कुठलंही नवीन घराणं घेतलं की पहिले दोन दिवस फक्त हेच करतो.

आडनावाचाही रकाना ठेवा, कारण आडनावं बदलतात, आणि ती बहुतेक वेळा इस्टेटीसाठी बदलतात. या वेलस्ली लोकांचं मूळ आडनाव वेलस्ली नाहीच. ते कॉली. १७२८ ला रिचर्ड कॉली नावाच्या माणसाला नात्यातल्या निपुत्रिक गॅरेट वेस्लीची आयर्लंडमधली इस्टेट मिळाली आणि त्याबरोबर त्याने वेस्ली हे नाव घेतलं. हा आपल्या दोघा भावांचा आजोबा, १७४६ ला बॅरन मॉर्निंग्टन झाला. वेस्लीचं वेलस्ली असं जुनं स्पेलिंग पुन्हा घेतलं ते नातवांनी, थोरल्याने आधी आणि आर्थरने १७९८ च्या सुमारास, म्हणजे त्याची हिंदुस्थानातली अगदी सुरुवातीची पत्रं वेस्ली या सहीची आहेत. मधला भाऊ विल्यम, त्याला पोल नावाच्या नातेवाइकाची इस्टेट मिळाली तर तो वेलस्ली-पोल झाला. त्याच्या मुलाने १८१२ ला कॅथरिन टिल्नी-लाँग या गडगंज वारसदार मुलीशी लग्न केलं आणि तो पोल-टिल्नी-लाँग-वेलस्ली झाला. चार आडनावं एका माणसाला. असं लांबलचक आडनाव दिसलं की वैतागू नका, उलट खूश व्हा, कारण प्रत्येक तुकडा म्हणजे एकेक इस्टेट आणि बहुतेक वेळा एकेक वारसदार बाई, वंशावळीतल्या ज्या बायका पुस्तकात धड सापडत नाहीत त्या अशा आडनावात सापडतात. आणि धाकट्या हेन्रीने १८२८ ला स्वतःसाठी किताब कुठला घेतला, तर बॅरन कौली, म्हणजे तेच मूळ कॉली फिरून परत आलं.

आता पायऱ्या उतरंडीच्या, या पटकन सांगतो. वरून खाली ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. स्कॉटलंडमध्ये बॅरनच्या जागी लॉर्ड ऑफ पार्लमेंट. बॅरोनेट हा पिढीजात असतो, सर लावतो, पण तो लॉर्ड नव्हे, ही पदवी पहिल्या जेम्सने १६११ ला काढली. पुण्याचा रेसिडेंट चार्ल्स मॅलेट १७९१ ला बॅरोनेट झाला तो हाच प्रकार. आणि नाइट म्हणजे फक्त त्या माणसापुरता सर, मुलाला काही नाही. ड्यूक आणि मार्क्विसचे धाकटे मुलगे लॉर्ड अमुक असे, पुढे पहिलं नाव, मुली लेडी अमुक. अर्लच्या मुली लेडी पण धाकटे मुलगे ऑनरेबल, व्हायकाउंट आणि बॅरनची सगळीच मुलं ऑनरेबल. एवढं पाठ झालं तरी नुसत्या संबोधनावरून बाप कुठल्या दर्जाचा होता ते ओळखता येतं, आणि शोध निम्मा होतो.

किताब कुठल्या पीअरेजमधला, म्हणजे कुठल्या राज्याच्या सरदारकीतला, तेही बघा. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड हे तीन जुने, १७०७ च्या एकीकरणानंतरचा ग्रेट ब्रिटन, आणि १८०१ पासून युनायटेड किंगडम. मॉर्निंग्टन आयर्लंडचा, मार्क्विस वेलस्ली हाही आयर्लंडचाच, वेलिंग्टन युनायटेड किंगडमचा. हे का बघायचं, तर कागद कुठल्या शहरात शोधायचे ते यावर ठरतं.

इथून पुढचा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. किताब पुढे कुणाकडे जाणार हे रक्त ठरवत नाही, तो किताब देताना जो राजाचा कागद निघाला, लेटर्स पेटंट, त्यातली ओळ ठरवते. बहुतेक कागदांत लिहिलेलं असतं की त्या माणसाच्या औरस मुलग्यांच्या ओळीतच जाईल. मुली नाहीत, भाऊ नाहीत (भाऊ वारस होतो तो भाऊ म्हणून नाही, तोही ज्या पूर्वजाला किताब मिळाला त्याच्या ओळीतला असतो म्हणून), आणि दत्तक तर नाहीच. आपल्याला हे लगेच भिडतं ते डलहौसीमुळे. साताऱ्याचा दत्तक नामंजूर करून १८४८ ला ज्याच्या कारकिर्दीत राज्य खालसा झालं त्या डलहौसीला १८४९ ला मार्क्विस केलं. त्याला दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. १८६० ला तो गेला आणि मार्क्विसचा किताब तिथेच संपला. पण अर्ल ऑफ डलहौसी हा जुना स्कॉटिश किताब संपला नाही, तो पूर्वीच्या पूर्वजापासून आलेला, म्हणून तो चुलत घराण्यातल्या फॉक्स मॉलकडे गेला. एकाच माणसाचे दोन किताब, एक विझला आणि एक चुलत पातीत सरकला. हे ज्याला समजलं त्याला पीअरेजचा निम्मा कायदा समजला.

रिचर्ड वेलस्लीचं तसंच. त्याला मुलं होती पण ती लग्नाआधी झालेली, म्हणून किताबाला वारस नाही. १८४२ ला मार्क्विस वेलस्ली हा किताब संपला, पण मॉर्निंग्टनची अर्लकी बापापासूनची, ती पुढचा भाऊ विल्यमकडे गेली, मग त्याच्या मुलाकडे, मग नातवाकडे, आणि १८६३ ला नातू बिनलग्नाचा वारल्यावर वेलिंग्टनच्या दुसऱ्या ड्यूककडे, म्हणजे आर्थरच्या मुलाकडे आली. आज वेलिंग्टन घराण्यात थोरल्या नातवाला अर्ल ऑफ मॉर्निंग्टन म्हणतात ते त्यामुळे.

अपवादही आहेत, आणि तेच मजेशीर आहेत. मार्लबरोच्या पहिल्या ड्यूकला, जॉन चर्चिलला, मुलगा उरला नव्हता तर पार्लमेंटने १७०६ ला खास कायदा करून मुलींना वाट दिली, १७२२ ला मुलगी हेन्रिएटा स्वतःच्या हक्काने डचेस झाली आणि तिच्यामागे बहिणीचा मुलगा, आडनाव स्पेन्सर, तिसरा ड्यूक. आपल्या ओळखीचे माउंटबॅटन, त्यांना दोन मुलीच, १९४७ च्या अर्लकीत मुलींची सोय लिहून घेतली होती आणि १९७९ ला थोरली पॅट्रिशिया वारस झाली. आणि काही फार जुन्या बॅरनक्या आहेत ज्या कागदाने दिलेल्या नाहीत, पार्लमेंटला बोलावण्याच्या हुकुमावरून आलेल्या, त्यात मुलगी चालते पण दोन किंवा जास्त मुली असल्या तर सगळ्यांचा सारखा हक्क आणि किताब कुणाकडेच जात नाही, लटकलेला राहतो, कधीकधी शेकडो वर्षं. त्यामुळे किताब संपला आणि किताब लटकला हे दोन शब्द वेगवेगळे लिहून ठेवा.

एका घराण्यात हे सगळं एकदम दिसतं ते १९४३ साली. वेलिंग्टनचा सहावा ड्यूक इटलीत सालेर्नोच्या लढाईत मारला गेला, वय एकतीस, लग्न झालेलं नव्हतं. ब्रिटिश किताब काकांकडे गेला, जेराल्ड वेलस्ली, जे आर्किटेक्ट होते. पण पहिल्या ड्यूकला स्पेनने दिलेला सिउदाद रोद्रिगोचा किताबही होता आणि स्पेनच्या नियमात बहीण काकाच्या आधी येते, म्हणून तो बहिणीकडे, लेडी ॲनकडे गेला, पुढे तिने तो काकांना सोडून दिला. एकाच मृत्यूने दोन किताब दोन माणसांकडे. नियम आधी वाचायचा आणि वंशावळ मग काढायची, ती यासाठी.

आता पुस्तकं आणि साइट. सुरुवात छापील पीअरेजपासून, म्हणजे या घराण्यांच्या वंशावळींच्या पुस्तकांपासून करा, पण कुठलं पुस्तक कशासाठी हे माहीत हवं. बर्कचं पीअरेज १८२६ पासून निघतं, त्यात शाखा, धाकटे मुलगे, मुली, जावई सगळे असतात, म्हणून पसारा बघायला ते. कोकेन यांनी सुरू केलेलं कम्प्लीट पीअरेज किताब धारण केलेल्या माणसांपुरतं आहे, जन्म, लग्न, मृत्यू, मृत्युपत्र, दफन, आणि तळटीपा इतक्या कसून लिहिलेल्या की मी कधीकधी नुसत्या तळटीपाच वाचत बसतो, धाकट्या पाती मात्र त्यात मिळणार नाहीत. स्कॉटलंडसाठी बाल्फर पॉल यांनी संपादित केलेलं नऊ खंडांचं स्कॉट्स पीअरेज, १९०४ ते १९१४. यांच्या जुन्या आवृत्त्या इंटरनेट आर्काइव्हवर फ्री वाचता येतात, जालन्यात बसून वाचा नाहीतर न्यू जर्सीत. घराण्यातलं कुणी खासदार असेल, आणि धाकटे मुलगे हमखास असायचे, तर हिस्टरी ऑफ पार्लमेंटची साइट फ्री आहे आणि चरित्रं फार चांगली आहेत. आडनाव बदलल्याचे परवाने आणि नवे किताब लंडन गॅझेटमध्ये छापून यायचे, ते १६६५ पासूनचं आहे आणि ऑनलाइन सर्च होतं.

पण छापलंय म्हणून खरं असं धरू नका. व्हिक्टोरियन काळातल्या बर्कमध्ये घराण्यांनी स्वतः पाठवलेल्या कुळकथा तशाच्या तशा छापल्या जायच्या. डेन्बीच्या अर्लचं फील्डिंग घराणं आपण हॅब्सबर्ग सम्राटांच्या वंशातले असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत होतं, मोठमोठे लोक ते खरं मानत होते, आणि होरेस राउंड नावाच्या अभ्यासकाने १९०० च्या सुमारास मूळ कागद तपासून दाखवून दिलं की ते पुरावेच बनावट आहेत. राउंड यांचं लिखाण कडक आहे, कुणाची भीडभाड नाही, पण वंशावळ तपासायची कशी हे शिकायला त्याच्यासारखं दुसरं नाही. माझा नियम असा की सोळाव्या शतकाच्या मागची कुठलीही पिढी, जिच्यासमोर मूळ कागदाचा उल्लेख नाही, ती पेन्सिलने लिहायची.

मूळ कागद म्हणजे काय काय. इंग्लंडमध्ये चर्चची रजिस्टरं १५३८ पासून, थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने सुरू झालेली, बाप्तिस्मा, लग्न, दफन. जन्म नाही, बाप्तिस्मा, हे विसरू नका. आर्थर वेलस्लीचाच किस्सा आहे, तो आयुष्यभर १ मे हा वाढदिवस मानत आला आणि डब्लिनच्या सेंट पीटर्स चर्चच्या रजिस्टरमध्ये त्याचा बाप्तिस्मा ३० एप्रिल १७६९ ला लिहिलेला. जन्माच्या आदल्या दिवशी बाप्तिस्मा कसा होईल? अशा वेळी दोन्ही तारखा लिहायच्या, समोर कुठून मिळाल्या ते लिहायचं, आणि आपल्या मनाने एक खोडायची नाही. सरकारी नोंदणी इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून, स्कॉटलंडमध्ये १८५५, आयर्लंडमध्ये सगळ्यांसाठी १८६४. ही सालं भिंतीवर चिकटवा. फॅमिलीसर्च फ्री आहे, स्कॉटलंडसाठी स्कॉटलंड्सपीपल, बाकी पैसेवाल्या साइट लागल्या तर एक महिन्याचं सबस्क्रिप्शन घ्या आणि आधी यादी करून ठेवा, त्या महिन्यात सगळं उरकून टाका.

सरदार लोकांच्या बाबतीत चर्च ओळखणं ही एक कला आहे. गावाकडे हवेली असली तरी लग्न लंडनमध्ये, बरेचदा हॅनोव्हर स्क्वेअरच्या सेंट जॉर्जेस चर्चमध्ये, आणि दफन मात्र गावच्या चर्चमध्ये घराण्याच्या तळघरात. आणि कँटरबरीच्या आर्चबिशपचं स्पेशल लायसन्स काढलं तर लग्न घरच्या दिवाणखान्यातही व्हायचं. एका घराण्यातलं एक लग्न मी गावच्या रजिस्टरमध्ये जवळजवळ आठ महिने शोधत होतो, पानन्‌पान, आणि ते निघालं लंडनमध्ये, मुलीच्या मामाच्या घरी झालेलं. तेव्हापासून आधी विचारतो की त्या साली ही मंडळी राहात कुठे होती.

तारखांची एक मोठी भानगड आहे ती आत्ताच समजून घ्या. १७५२ च्या आधी इंग्लंडमध्ये नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे १० फेब्रुवारी १७२२ असं रजिस्टरमध्ये असेल तर ते आपल्या हिशेबाने १७२३. आपल्याकडे पाडव्याला शक बदलतो आणि १ जानेवारीला इंग्रजी साल, आपण दोन्ही सहज सांभाळतो, तेच डोकं इथे वापरा, आणि लिहिताना १७२२/२३ असं लिहा. स्कॉटलंडने मात्र १६०० पासूनच १ जानेवारी धरलेला. लग्न एप्रिलात आणि मूल फेब्रुवारीत, साल तेच, असं दिसलं की लोक लगेच काहीतरी अर्थ काढतात, पण जुन्या हिशेबात त्या वर्षाचा फेब्रुवारी एप्रिलनंतर येतो हे आधी बघा, मग बोला.

मृत्युपत्रं हा माझा सगळ्यात लाडका कागद. १३८४ ते १८५८ पर्यंतची कँटरबरीच्या आर्चबिशपच्या कोर्टातली मृत्युपत्रं लंडनमधल्या क्यू या भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत, सर्च नावाने होतो, आणि पैसेवाली माणसं बहुतेक याच कोर्टात यायची. मृत्युपत्रात मुली लग्नानंतरच्या नावाने येतात, जावई येतात, रागावलेला बाप कुणाला काय नाही दिलं तेही लिहितो, आणि जी नाटकशाळेसारखी ठेवलेली बाई आणि तिची मुलं छापील वंशावळीत कुठेच नाहीत ती इथे वार्षिक रकमेसकट सापडतात. १२ जानेवारी १८५८ नंतर सरकारी प्रोबेटची, म्हणजे मंजूर झालेल्या मृत्युपत्रांची, वार्षिक यादी बघायची. आणखी मागे, मध्ययुगात, राजाकडून थेट जमीन धरणारा माणूस मेला की चौकशी व्हायची आणि त्यात वारसाचं नाव आणि वय लिहायचे. तिथे एकवीस वर्षं आणि अधिक असं असेल तर त्याचा अर्थ फक्त सज्ञान, तो चाळिसाचाही असू शकतो.

१५३० ते १६८८ च्या दरम्यान राजाचे हेरल्ड, म्हणजे कुलचिन्हांचं काम बघणारे अधिकारी, जिल्ह्याजिल्ह्यात फिरून कुलचिन्ह कुणाला लावायचा हक्क आहे ते तपासायचे आणि घराण्याकडून वंशावळ लिहून सही घ्यायचे. आपल्या दक्षिण महाराष्ट्रात हेळवी गावोगाव येऊन वंशावळ वाचून दाखवतात, किंवा त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वहीत आपले पणजोबा सापडतात, त्याची आठवण येते मला ते वाचताना. सही करणाऱ्याच्या आजोबांपर्यंत ते बऱ्यापैकी विश्वासाचं, त्याच्या मागचं त्याला जे आवडलं ते. मूळ वह्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्समध्ये, छापील रूपं बरीच ऑनलाइन. स्कॉटलंडचं काम एडिंबराच्या लॉर्ड लायन कोर्टात.

आयर्लंडसाठी मन घट्ट करा. जून १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं सरकारी दफ्तर जळालं आणि मृत्युपत्रं, जनगणना, चर्चची रजिस्टरं, कितीतरी शतकांचं सगळं गेलं. वेलस्ली घराण्यावर काम करताना हे पावलोपावली जाणवतं. पण डब्लिनची रजिस्ट्री ऑफ डीड्स १७०८ पासूनची शाबूत आहे, जमिनीचे व्यवहार आणि लग्नाचे करार तिथे मिळतात, आणि घराण्याचे खासगी कागद इंग्लंडमध्ये आले ते वाचले. पहिल्या ड्यूकचे कागद साउदम्प्टन विद्यापीठात आहेत आणि त्यांची यादी ऑनलाइन चाळता येते.

हिंदुस्थानात आलेल्या धाकट्या मुलांसाठी ब्रिटिश लायब्ररीतली इंडिया ऑफिसची नोंद बघायची, बंगालसाठी एन/१, मद्रास एन/२, आणि आपली मुंबई एन/३, यात पुणे, अहमदनगर, बेळगाव छावण्यांमधले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं आहेत. फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीचा डेटाबेस फ्री आहे. इथे महाराष्ट्रात राहणाऱ्याला एक सोय तिकडच्यांना नाही, थडगं प्रत्यक्ष जाऊन वाचता येतं. फोटो सकाळी किंवा संध्याकाळी काढा, तिरक्या उन्हात झिजलेली अक्षरं उठून दिसतात, आणि दगडावर खडू किंवा पावडर काही घासू नका, दगड खराब होतो.

एवढं सगळं मिळालं तरी मूळ नोंदसुद्धा खोटी असू शकते, हे बर्कली घराण्याने शिकवलं. बर्कलीचा पाचवा अर्ल १८१० ला वारला. त्याचं मेरी कोल या ग्लॉस्टरच्या खाटकाच्या मुलीशी १७९६ ला उघड लग्न झालेलं, पण त्याआधीच मुलं झाली होती. मग घराण्याने सांगितलं की खरं पहिलं लग्न गुपचूप १७८५ ला झालं होतं आणि ही बघा चर्चच्या रजिस्टरमधली नोंद. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने ती नोंद तपासली, साक्षी घेतल्या आणि १८११ ला दावा फेटाळला. म्हणजे थोरले मुलगे किताबाला मुकले, आणि १७९६ च्या लग्नानंतर जन्मलेला थॉमस मोर्टन कायद्याने सहावा अर्ल ठरला. त्याने जन्मभर तो किताब लावला नाही, कारण लावला असता तर स्वतःच्या आईवर शिक्का मारल्यासारखं झालं असतं. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खूप वेळ पुढचं पान उलटवलं नाही. आपण तक्त्यात निपुत्रिक, अनौरस, दावा नाही असे शब्द भराभर लिहितो, त्या एकेका शब्दामागे असं घर असतं.

म्हणून शीटमध्ये शेवटचा रकाना पुराव्याचा, आणि तो कधी रिकामा नाही सोडायचा. मूळ कागद स्वतः पाहिला असेल तर एक खूण, छापील अभ्यासातून घेतलं तर दुसरी, आणि कुणाच्या ऑनलाइन फॅमिली ट्रीमधून उचललं असेल तर तिसरी. त्या तिसऱ्या खुणेवर पुढची पिढी बांधायची नाही. स्क्रीनशॉट काढलात तर पान नंबरासकट काढा.

सरावासाठी एक घराणं देतो, सोपंही आहे आणि आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातलं. मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज आणि २०१८ ला प्रभादेवी झालेलं एल्फिन्स्टन रोड स्टेशन, दोन्ही एकाच माणसाच्या नावाची असं बहुतेकांना वाटतं. कॉलेज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचं, जो १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता. तो स्कॉटलंडच्या अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा धाकटा मुलगा, म्हणून स्वतः कधीच लॉर्ड नव्हता. स्टेशन तेराव्या लॉर्डच्या नावाचं, जो १८५३ ते १८६० गव्हर्नर होता. या दोघांचं नातं काय, तेराव्याला १८५९ ला मिळालेला नवीन किताब पुढच्याच वर्षी का संपला, आणि जुना स्कॉटिश किताब तेव्हा कुणाकडे गेला, हे तीन प्रश्न घ्या. स्कॉट्स पीअरेजचा एल्फिन्स्टनवाला भाग उघडा, सालांची शीट आधी करा, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर काका-पुतण्या असं आलं तर तुम्ही बरोबर वाटेवर आहात.